बापानं दिलेलं गाणं

साताऱ्यात मी चंद्रपूर जिल्ह्याची आहे असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा वाघाचं विचारतो. म्हणून आधीच सांगून टाकते, या खेपेला आम्हाला वाघ दिसला नाही. वाघाच्या पाट्या भरपूर दिसल्या, वानरं दिसली, माणसाच्या उंचीची वारुळं दिसली, आणि एका वळणावर गाडी थांबवून अमोल, म्हणजे माझा नवरा, पंधरा मिनिटं श्वास रोखून ज्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत होता ते वाळत घातलेलं लुगडं निघालं.

आम्ही वाघासाठी गेलोच नव्हतो. नागभीडजवळच्या माझ्या माहेरच्या गावी विहाराचा वर्धापनदिन होता आणि माझ्या बाबांची गायन पार्टी बऱ्याच वर्षांनी पुन्हा बसणार होती. बाबा आता नाहीत. गावात धानाची शेती करायचे आणि हिवाळा लागला की पेटी घेऊन गावोगाव भीमगीतं गायचे. गाणी बरीचशी त्यांनी स्वतःच बांधलेली. मी आठ वर्षांची असल्यापासून लग्न होईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून गायले. वस्तीतल्या लोकांनी निरोप धाडला होता की त्यांचं गाणं त्यांच्या मुलीनेच म्हणायला हवं.

मला त्याहून जास्त एक हवं होतं. माझ्या मुलीने ते ऐकायला हवं होतं.

मैत्री अकरा वर्षांची आहे. जन्मली तेव्हा तिला अजिबात ऐकू येत नव्हतं. तीन वर्षांची असताना ऑपरेशन झालं. कानाच्या आत बारीक तार बसवली आणि बाहेरून डोक्याला चुंबकाने चिकटणारं एक यंत्र आलं. तिला ते मशीन म्हणायला आवडतं. मशीनमुळे ती बोलायला शिकली, साध्या शाळेत जाते, आणि घरात आम्हा दोघांना बोलण्यात हरवते. पण डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की बोलणं कळेल, गाण्याचं काही सांगता येणार नाही. तसंच झालं. सूर तिच्यापर्यंत पोचताना एकमेकांत कालवले जातात. अमोलने त्याच्या लाडक्या गझला तिला ऐकवून पाहिल्या. तिने शांतपणे ऐकल्या आणि डब्यात माशी अडकल्यासारखं वाटतं असं सांगितलं. अमोलने त्या दिवसापासून गझला इअरफोनवर ऐकायला सुरुवात केली. मी मात्र आशा सोडली नव्हती.

नागभीड

नागपूरहून भाड्याची गाडी घेऊन निघालो ते दुपारी गावात पोचलो. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यांमध्ये, धसकटांच्या मधून लाखोळीचं कडधान्य हिरवंगार वर आलं होतं आणि ठिकठिकाणी धानाचे पुंजणे रचून ठेवले होते. अमोलला वाटलं त्या गवताच्या झोपड्या आहेत. साताऱ्याकडच्या माणसाला इतका तांदूळ एका जागी बघायची सवय नसते.

आम्ही मोठीमायकडे उतरलो. मोठीमाय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, तिचं घर आमच्या जुन्या घराला लागूनच. तिची मुलं चंद्रपूरला नोकरीला असतात आणि ती एकटी गावात राहते. तिने ताटं वाढता वाढता सांगितलं की आज पोपटाची भाजी केली आहे. मैत्रीचा हात घासावरच थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग अमोलकडे. तोही जरा सावरूनच बसला. आमच्याकडे वालाच्या शेंगांना पोपट म्हणतात हे मी त्यांना सांगेपर्यंत मोठीमाय पदराने डोळे पुसत हसत होती. भाजी वांगं घालून केली होती. मैत्रीने दोनदा घेतली. अमोल भाकरी शोधत होता. इथे सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून जास्त भात मागितला तेव्हा मोठीमायने जावई सुधारला असं जाहीर केलं.

संध्याकाळी तिच्याच घराच्या पुढच्या खोलीत पार्टी जमली. ढोलकीवाले सुखदेवभाऊ बाबांबरोबर सुरुवातीपासून होते. आता पंचाहत्तरीला आलेत, पण ढोलकी मांडीखाली घेताना अजून कुणाचा हात लागू देत नाहीत. झांज वाजवायला एक जण, मागे ओळ उचलायला दोघं, आणि पेटीवर मी. पत्र्याचं छप्पर, सिमेंटच्या भिंती आणि सगळ्यांचा मोकळा आवाज. पहिलंच कडवं चढवलं आणि बघते तर मैत्रीने डोक्यावरचं मशीन काढून डबीत ठेवलेलं. मांडीवर डबी घेऊन ती आमच्या तोंडांच्या हालचाली बघत होती.

गाणं संपल्यावर मोठीमायने तिला खुणेने विचारलं, काऊन काढलं म्हणून. मैत्रीने मशीन परत लावलं आणि सरळ उत्तर दिलं.

"आई गाते तेव्हा आवाज फाटतो. मला दुखतं."

सुखदेवभाऊंनी ढोलकीची दोरी ओढायला घेतली. मी पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि चुलीपाशी जरा उभी राहिले. तिचं काहीच चुकलं नव्हतं. आम्हीच तिला खरं बोलायला शिकवलं होतं. तरी ज्या घरात मी गायला शिकले त्या घराच्या शेजारी उभं राहून ते ऐकणं जड गेलं. झोपण्याआधी तिने मला आणखी एक सांगितलं. कार्यक्रमाला मोठे स्पीकर असणार, तेव्हा ती घरीच पुस्तक वाचत बसेल. मी रागावणार नाही ना, असंही विचारलं. मी नाही म्हणाले.

मार्कंडा

कार्यक्रमाला एक दिवस मध्ये होता. अमोलने सुचवलं की कुठेतरी फिरून येऊ. मला वाटतं त्याला माझा चेहरा बघवत नव्हता. म्हणून सकाळीच मूल आणि सावली या गावांवरून, वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला आणि तिथून पुढे मार्कंड्याला गेलो. हा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हिवाळ्यातच बघावा. मूल गाव मागे पडलं की झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात, मोहाच्या बुंध्यांवर ऊन तिरपं पडतं, आणि मधेच एखादा तलाव लागतो. त्यात कमळाच्या पानांमधून एखादा माणूस गळ्यापर्यंत बुडून जाळं ओढत असतो. गडचिरोलीत चहा घेतला. हॉटेलवाला अमोलला भाऊ आणि मला बाई म्हणत होता. अमोल म्हणाला, आमच्याकडे एवढ्या ओळखीवर साहेब म्हणतात, पण मला भाऊच बरं वाटतं.

मार्कंड्याचं देऊळ नदीच्या अगदी काठावर आहे. शिवरात्रीच्या जत्रेत इथे पाय ठेवायला जागा नसते, पण त्या दिवशी निवांत होतं. आम्ही दर्शनवाली माणसं नाही. लहानपणी बाबा मला इथे दगड बघायला आणायचे. ज्यांनी हे कोरलं त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, एवढंच ते म्हणायचे. मैत्रीला मूर्तींमधली वाद्यं सापडली. मृदंग गळ्यात अडकवलेली एक बाई, बासरी धरलेली एक. ती एकेका भिंतीवर वाद्यं शोधत पुढे जात होती आणि मागे वळून मला दाखवत होती.

तेवढ्यात तिने कानाला हात लावला आणि मान हलवली. मशीनची बॅटरी संपली होती. मी पर्समध्ये हात घातला. जादा बॅटरीची पिशवी मोठीमायच्या फळीवर राहिली होती. अमोलने गाडीत बघितलं, तिथेही नव्हती. आता गावाला परत जाईपर्यंत तिला काहीच ऐकू येणार नव्हतं. मैत्री घाबरली नाही. ओठांवरून ती बरंच ओळखते. पण तिचा बघण्याचा उत्साह गेला आणि ती नदीकडच्या पायऱ्यांवर जाऊन बसली.

पायऱ्यांच्या वरच्या अंगाला एक भजनी मंडळ बसलं होतं. कुठल्याशा गावाहून सगळे एका गाडीतून आले होते. बहुतेक बायकाच. ढोलकी वाजवत होती तीही बाईच, चाळिशीची, हिरव्या पातळाचा काचा मारलेली. मैत्री थोडा वेळ लांबून बघत राहिली, मग उठून तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. बाईने वाजवता वाजवता तिला काहीतरी विचारलं. मैत्री तिच्या ओठांकडे बघत होती, पण बोली वेगळी, तिला कळेना. मी जाऊन सांगितलं की हिला ऐकू येत नाही, यंत्र बंद पडलं आहे.

बाईने हात थांबवला नाही. "मंग हात ठेव न इथी," एवढंच म्हणाली आणि हनुवटीने ढोलकीचं खोड दाखवलं.

मी मैत्रीचा तळवा उचलून लाकडावर ठेवला. ती खाली बसली. आधी तिने डोळे मोठे केले, मग मिटले. भजन लांबलचक होतं. ते संपलं, दुसरं सुरू झालं, तरी हात उचलला नाही. तिसऱ्यात मंडळाने लय बदलली तेव्हा तिच्या दुसऱ्या हाताची बोटं पायरीच्या दगडावर चालायला लागली. मी जवळ बसून बघत होते. बाईचा डावा हात पडला की मैत्रीचा अंगठा पडत होता, उजवा पडला की बोटं. मधली फट जेवढी तेवढीच. एकदाही चुकली नाही. लहानपणी बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला टाळ्या वाजवून शब्द शिकवले होते, प्रत्येक अक्षराला एक टाळी. ते मी विसरून गेले होते. मी इतकी वर्षं तिच्यात सूर शोधत होते. लय तिच्याकडे होती, आणि ती मागायला तिच्याकडे कुणी गेलंच नव्हतं.

मंडळ उठलं तेव्हा बाईने तिच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. परतीच्या वाटेवर मैत्री गाडीच्या दारावर वाजवत बसली. अमोल गाडी चालवत होता. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि कानातला इअरफोन काढून समोरच्या खणात ठेवून दिला.

तालीम

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची तालीम होती आणि दुपारी कार्यक्रम. मैत्रीने मशीनमध्ये भरलेली बॅटरी घातली, पण ते डोक्याला लावलं नाही. हातात घेऊन ती सरळ सुखदेवभाऊंच्या शेजारी जाऊन बसली, ढोलकीवर तळवा ठेवला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली. सुखदेवभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मार्कंड्याची गोष्ट सांगितली. ते जरा सरकून बसले, तिला नीट हात ठेवता यावा म्हणून.

मी बाबांचं गाणं धरलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या तोंडाशी मैत्रीने दुसरा हात वर केला, शाळेत वर्गात करतात तसा. आम्ही थांबलो.

"आई, तू पळतेस," ती म्हणाली. "हे आजोबा पळत नाहीत. तू त्यांच्या पुढे जातेस आणि मग त्यांना यावं लागतं."

सुखदेवभाऊंचे खांदे हलायला लागले. हसू आवरल्यावर त्यांनी झांजवाल्याला सांगितलं की या पोरीने आपलं जिंदगीभराचं दुखणं एका मिनिटात पकडलं. मग मला म्हणाले, "तुये बाबा बी असेच धावे. मी तं त्यायले मागून धरूनच ठेवत आलो."

बाबांची ही खोड माझ्यात आली आहे हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

सुखदेवभाऊंनी खुंटीवरची खंजिरी काढून मैत्रीच्या हातात दिली. गोल चौकट, कडेला पितळी चकत्या, एका बाजूला चामडं. एका हातात धरायची कशी आणि दुसऱ्याने थाप द्यायची कशी ते दाखवलं. दोन-तीन गाण्यांत तिचा हात बसला. ती वाजवताना माझ्याकडे बघत नव्हती, सुखदेवभाऊंच्या डाव्या मनगटाकडे बघत होती. तालीम संपून तिने मशीन लावल्यावर त्यांनी विचारलं, दुपारी बसशील का पार्टीत. मी घाईने सांगायला गेले की स्पीकरचा आवाज तिला सोसत नाही. मैत्रीने मला थांबवलं. मशीन न लावता बसेन, म्हणाली.

अमोल मैत्रीला घेऊन विहारात गेला आणि स्पीकरवाल्याशी बोलून दोन्ही मोठे डबे पुढे लोकांकडे तोंड करून लांब ठेवून आला. स्पीकरवाला आधी तयार नव्हता. मग अमोलने त्याला सगळं सांगितलं. मग स्पीकरवाल्याने स्वतःच एक जादा सतरंजी आणून मंचाच्या फळ्यांवर अंथरायला घेतली होती, पण मैत्रीने ती काढायला लावली. सतरंजीमुळे लाकडातून काही कळत नाही म्हणाली. अमोल हे सगळं मला सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा मुलीचा पहिला नंबर आल्यासारखा होता.

विहार

दुपारी विहारासमोरच्या मांडवात गाव भरलं. वंदना झाली, दोन भाषणं झाली. भाषणं जगात सगळीकडे सारखीच लांब असतात. मग पार्टी बसली. मैत्री पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये, अनवाणी, सुखदेवभाऊंच्या डाव्या बाजूला. पायाचा पंजा फळीवर सपाट ठेवलेला. मशीन अमोलच्या खिशात. तो पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता. तिने लागलंच तर त्याच्याकडे बघायचं असं ठरलं होतं.

गाताना काय होतं ते गाणाऱ्याला माहीत असतं. समोर ओळखीची तोंडं, बाबांच्या वयाच्या बायका मान डोलावतात, पुढची ओळ तुमच्याआधी लोकच म्हणतात, टाळ्या सुरू होतात आणि टाळ्या नेहमी पुढे ओढतात. तिसऱ्या कडव्याला मी वाहवत निघाले. आणि तेव्हा मला उजवीकडून खंजिरी ऐकू आली. ती होती तिथेच होती. अकरा वर्षांची माझी पोर, तिला ना माझा आवाज ऐकू येत होता ना त्या टाळ्या. ती मान खाली घालून, जिथे थाप पडायला हवी तिथेच देत होती. मी एक श्वास घेतला आणि तिच्यापाशी परत आले. सुखदेवभाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली. पुढची सगळी कडवी मी तिच्या हातावर गायले. तेवढं सावकाश ते गाणं मी कधीच म्हटलं नव्हतं. बाबांचे शब्द किती सुटे सुटे आणि सरळ आहेत ते मला तेव्हा कळलं.

गाणं संपलं आणि लोक उठून उभे राहिले. मैत्रीला टाळ्या दिसल्या. तिने अमोलकडे बघितलं. तो दोन्ही हात वर करून हलवत होता, ऐकू न येणाऱ्यांची टाळी असते तशी. मग पहिल्या रांगेतल्या बायकांनीही तसेच हात वर केले, आणि त्यांचं बघून मागच्यांनी. का करतोय हे निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. सगळ्या मांडवात हात हलत होते.

निघताना

संध्याकाळी भोजनदान आटोपून घरी आलो तर मैत्रीने मला ओट्यावर बसवलं आणि गाण्याचे शब्द मागितले. चाल नको, नुसते शब्द. मी एक एक ओळ बोलून दाखवत होते आणि ती खंजिरीच्या कडेवर बोटाने मोजून परत म्हणत होती. बाबांच्या गाण्याचा मुखडा असा आहे:

बापानं दिलं अक्षराचं बी,
मी कोठीत नाई ठेवलं;
बांधीबांधीत पेरत गेलो,
ज्याले पाह्यजे त्यानं नेलं.

तिने विचारलं की हा बाप म्हणजे कोण, तुझे बाबा का? गाण्यातला बाप कोण हे आमच्या वस्तीत कुणाला सांगावं लागत नाही. पण ती साताऱ्यात वाढलेली. विहारात ज्यांच्या तसबिरीसमोर ती वाकली होती ते, असं मी सांगितलं. आणि माझे बाबा त्यांना बाप म्हणायचे. मैत्रीने जरा विचार केला आणि कोठी म्हणजे काय ते विचारलं. मोठीमायने तिला हाताला धरून आत नेलं आणि धानाची कोठी दाखवली.

सकाळी निघायच्या वेळी दारात वस्तीतल्या बायका जमल्या. कुणी चिवडा आणला, कुणी लाखोळीची डाळ, कुणी नवीन तांदूळ. गाडीची डिकी भरून गेली. सुखदेवभाऊ काठी टेकत आले होते. मैत्रीने मशीन लावलं होतं. मोठीमायने तिला सहज सांगितलं की जाता जाता तुझ्या आजोबाचं गाणं म्हणून दाखव. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात मैत्रीच बोलली.

"मला गाता येत नाही. म्हणता येतं."

तिने खंजिरी डाव्या हातात धरली. सुखदेवभाऊंनी ती तिलाच दिली होती. आणि अंगणात उभी राहून ती गाणं म्हणायला लागली. चाल नाही. आवाज तिचा नेहमीचा, सपाट, थोडा जाड. एक शब्द, एक थाप. शब्द सांडू न देता, घाई न करता. अंगणात कोंबड्या होत्या त्याही बाजूला झाल्या असं मला वाटलं. अमोल गाडीचं दार उघडं धरून तसाच उभा होता. मला चाल आठवत होती, पण गुणगुणावीशी वाटली नाही. तिच्या म्हणण्यात काही कमी नव्हतं.

तिसऱ्या ओळीला तिने "बांधीबांधीत पेरत गेले" म्हटलं.

गेलो नव्हे, गेले. मी आठ वर्षांची असल्यापासून ते गाणं गेलो असंच म्हणत आले. बाबांनी बांधलं तसं. ते बदलता येतं हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी सुखदेवभाऊंकडे बघितलं. गाण्यातला शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नाही, बाबांशी ते यावरून भांडायचे. त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

मैत्रीने ओळ पुन्हा घेतली, आणि पार्टीत घेतात तशी बायकांनी ती तिच्या मागून उचलली. त्यांच्या तोंडी ती आपोआप गावच्या बायकांच्या बोलीत आली, "पेरत गेली". मोठीमायचा आवाज सगळ्यांच्या वर होता. दुसऱ्या खेपेला मीही म्हटलं. तिसऱ्या खेपेला सुखदेवभाऊ हाताने मांडीवर ठेका धरून आमच्यात मिसळले, आणि त्यांनीही म्हटलं, पेरत गेली.